खोत गेले, खोती राहिली!

केळशीच्या गिरणीकामगारांचे समस्त गिरणीकामगारांना आवाहन

कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

आम्ही केळशीचे. तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. वर बाणकोटची खाडी, खाली हर्णै, आणि हर्णैसमोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आमच्या आज्या-पणज्यांनी भात पिकवले, त्यातले अर्धे खोताच्या अंगणात नेऊन ओतले, उरले ते शिमग्यापर्यंत पुरले नाही, म्हणून मुंबई गाठली आणि साच्यावर उभे राहिले. तुमच्यातल्या पुष्कळांची कहाणी हीच आहे. तेव्हा राज्य कसे चालते आणि कसे बिघडते हे शिकायला आम्हाला कुठल्या कॉलेजात जावे लागले नाही. आमचे कॉलेज म्हणजे खोताची पडवी.

आज हे लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी की, देशात लोकशाही आहे असे सगळे म्हणतात, आणि आम्हीही म्हणतो. पण लोकशाहीच्या खुर्चीत बसणाऱ्याच्या अंगात खोत शिरला म्हणजे काय होते, हे आपण गिरणीवाल्यांनी एकदा नव्हे, चार-पाच वेळा भोगले आहे. ते एका जागी मांडून ठेवावे. पुढच्या वेळी ओळखायला उपयोगी पडेल.

खोत म्हणजे कोण?

खोत जमिनीचा मालक नव्हता. सरकारसाठी सारा गोळा करून देणारा तो मधला माणूस. पण पिढ्यान् पिढ्या मध्ये बसून बसून तो स्वतःला गावाचा राजा समजू लागला. कुळाने अर्धेल घालायची, वर वेठीला जायचे, त्याच्या घरचे लग्न आपले समजून राबायचे. कुळाने हिशेब मागितला तर उत्तर ठरलेले : “तुला काय कळतंय त्यातलं?” पुन्हा मागितला तर : “फार माजलास!” तिसऱ्यांदा मागितला तर काठी.

हेच खोतीचे तीन पायंडे. आधी विचारायचे नाही. मग अक्कल काढायची. आणि शेवटी काठी चालवायची. इंग्रजाने दीडशे वर्षे हिंदुस्थानावर हेच केले. त्याची खोती मोठी होती, एवढाच फरक.

ही खोती आपोआप गेली नाही. पलीकडे कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून १९३३ पासून १९३९ पर्यंत, सहा वर्षे, जमीन पेरली नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती मोडण्याचे बिल आणले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातली कुळे मुंबईत कौन्सिलवर चाल करून गेली. तरी कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातले. लोकमान्यांचे मूळ गाव चिखलगाव, आमच्याच दापोली तालुक्यातले. एकाने परक्या राजाला हिशेब विचारला, दुसऱ्याने परक्याला तर विचारलाच, पण घरच्या खोतालाही विचारला. लोकमान्यांना २२ जुलै १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगाराने सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, लष्कराच्या गोळ्या खाल्ल्या. तेव्हा हिशेब विचारण्याची सवय आपल्या रक्तात आहे, ती कोणी शिकवायला नको.

चौपाटीवरची खोती

आता स्वराज्यात या. काँग्रेसने १९२० साली नागपूरला भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व मान्य केले. इंग्रज गेला आणि तेच तत्त्व एकाएकी देशाला धोकादायक वाटू लागले! आंध्रात पोट्टी श्रीरामुलू ५८ दिवस उपाशी राहून १५ डिसेंबर १९५२ ला मेले, तेव्हा कुठे १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र झाला. मागणाऱ्याचे प्रेत दारात आल्याशिवाय ज्याला जाग येत नाही, त्याला तुम्ही लोकांचा सेवक म्हणता की खोत?

महाराष्ट्राच्या वाट्याला काय आले? फाजलअली कमिशनने १९५५ साली सांगितले, मुंबईचे द्वैभाषिक करा आणि विदर्भ वेगळा ठेवा. मुंबई कोणी उभी केली, कोणाच्या घामावर तिचा धूर निघाला, हे कमिशनला दिसले नसेल. २० नोव्हेंबर १९५५ ला चौपाटीवर सभा झाली. स. का. पाटलांनी पाच हजार वर्षांची भाषा केली. तेवढ्या वर्षांतही म्हणे मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मुख्यमंत्री मोरारजी देसाई म्हणाले, काँग्रेस जिवंत आहे तोवर मिळणार नाही. लोकांनी सभा उधळून लावली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, कामगार संप करून फ्लोरा फाउंटनकडे निघाले. तिथे गोळी चालली आणि १५ जण मेले.

बघा, तिन्ही पायंडे बरोबर ओळीने आले! विचारले नाही. अक्कल काढली. काठीच्या जागी बंदूक आली.

१६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी जाहीर केले की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबई पुन्हा पेटली, पुन्हा गोळ्या. चिंतामणराव देशमुख हे त्या सरकारचे अर्थमंत्री, आमच्या शेजारच्या कुलाबा जिल्ह्यातले. ते लोकसभेत उभे राहून म्हणाले की मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता घेतला गेला. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करा अशी त्यांची मागणी होती. ती मानली गेली नाही, आणि १९५६ च्या जुलैमध्ये ते मंत्रिपद सोडून बाहेर पडले. आम्ही गिरणीवाले, आम्हाला कोण विचारतो! पण इथे अर्थमंत्र्यालाही विचारले नाही. खोत एकदा खोत झाला की त्याला कारकून काय आणि कूळ काय, सगळे सारखेच.

शेवटी काय झाले? समिती झाली, १९५७ च्या निवडणुकीत लोकांनी पेट्या भरून उत्तर दिले. गिरणगावाने कॉम्रेड डांग्यांना दिल्लीला पाठवले, राजापूरने नाथ पैंना पाठवले. आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. पाच हजार वर्षांचा हिशेब साडेचार वर्षांत मिटला! पण १०६ माणसे गेली, ती काही परत आली नाहीत.

मोठा माणूस आणि महाराष्ट्र

आता एक अवघड गोष्ट सांगतो. राग मानू नका.

त्याच दिवसांत फलटणला यशवंतराव चव्हाणांनी सांगितले की नेहरू आणि महाराष्ट्र यांत निवड करायची वेळ आली तर आपल्याला नेहरू मोठे वाटतात. यशवंतराव कर्तबगार खरे, पुढे १९६० ला राज्याचा मंगल कलश त्यांच्याच हाती आला. पण ते फलटणचे बोलणे आमच्या बापांना जिव्हारी लागले ते कशामुळे? एक माणूस तीन कोटी माणसांपेक्षा मोठा, असा त्याचा अर्थ होत होता, म्हणून.

बाबासाहेबांनी याची सूचना आधीच देऊन ठेवली होती. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी सांगितले की धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा ही हुकूमशाहीकडे नेणारी हमखास वाट आहे. आणखी एक सांगितले : २६ जानेवारीपासून आपल्याला राजकारणात समानता मिळेल, एक माणूस एक मत, पण समाजात आणि पोटापाण्यात विषमता राहील, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर ज्यांना ती सोसावी लागते ते लोकशाहीचा डोलारा उडवून देतील.

बंधूंनो, आपल्या युनियनमध्येही हे ध्यानात ठेवा. पुढाऱ्याला खांद्यावर घ्या, पण खांद्यावरून खाली उतरवता येईल असेच घ्या. डोक्यावर बसवलेला पुढारी उतरत नाही.

आमच्या किनाऱ्यावर याचा एक जुना दाखला आहे. हर्णैच्या सुवर्णदुर्गात तुळाजी आंगऱ्याचे आरमार होते. पेशव्यांचे आणि आंगऱ्याचे बिनसले. घरचे भांडण घरात मिटवायचे सोडून पेशव्यांनी इंग्रजाला मदतीला घेतले. १७५५ साली इंग्रजाने सुवर्णदुर्ग पाडाव केला, आणि मोबदल्यात बाणकोट मिळवून त्याला व्हिक्टोरिया असे नाव दिले. आरमार बुडाले. १८१८ ला पेशवाईही बुडाली. गादी टिकावी म्हणून घरचाच माणूस बुडवायला जो निघतो, तो शेवटी गादीही घालवतो.

हुकूमशाही दारातून कशी येते?

पुष्कळांची समजूत अशी की हुकूमशहा म्हणजे रात्री रणगाडा घेऊन येणारा. तसेही येतात. १९५८ ला पाकिस्तानात अयूबखान तसाच आला. पण त्याच्या दहा वर्षे आधीपासून तिथल्या सरकारने बंगाली माणसाला सांगायला सुरुवात केली होती की राष्ट्राची भाषा फक्त उर्दू. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्क्यात भाषेसाठी निघालेल्या पोरांवर गोळी चालली. ज्या राज्याने आधी लोकांची भाषा दाबली, त्यालाच पुढे लोकांचे मत दाबायला वेळ लागला नाही. आणि १९७१ ला त्या राज्याचे दोन तुकडे झाले. आम्हाला कोणी म्हणतो की भाषेचा आग्रह धरला की देश फुटतो. हा हिशेब उलटा मांडलेला आहे. भाषा दाबली तिथे देश फुटला.

दुसरा प्रकार अधिक धोक्याचा. तो कायद्याने येतो, टाळ्यांच्या गजरात येतो. जर्मनीत हिटलर ३० जानेवारी १९३३ ला रीतसर नेमणुकीने पंतप्रधान झाला. त्याने त्या वर्षी १ मे चा दिवस कामगारांना भरपगारी सुट्टी म्हणून दिला. मोठमोठ्या मिरवणुका काढल्या, कामगार खूष! आणि दुसऱ्या दिवशी, २ मे ला, देशातल्या युनियनच्या कचेऱ्यांवर आपले लोक घुसवून त्या ताब्यात घेतल्या, पुढाऱ्यांना धरले. सुट्टी घेताना जो हात बघत नाही, त्याचे असे होते.

आणि आपल्याकडे? २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. ती घटनेतल्याच कलमाने आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. लाखाच्या वर माणसे खटल्यावाचून तुरुंगात गेली. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की अशा वेळी अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे ह. रा. खन्ना विरुद्ध गेले. तेव्हा काही जण म्हणायचे, गाड्या वेळेवर धावतात, शिस्त आली. कामगारांनो, आपल्या खिशाचे बघा. त्याच शिस्तीत १९७५ च्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. संप करायची सोय नाही, बोलायची सोय नाही, मग बोनस कापायला किती वेळ लागणार? हुकूमशाही आधी बोलणाऱ्याचे तोंड धरते, लगेच दुसरा हात राबणाऱ्याच्या खिशात घालते.

आणखी एक नवल ऐका. ज्यांच्या राज्यात १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळी चालली, ते मोरारजीभाई त्या आणीबाणीत स्वतः दीड वर्षाच्या वर अटकेत होते. खोताची काठी हात ओळखत नाही. आज ज्याच्या हातात आहे, उद्या त्याच्याच पाठीत बसते. लोकांनी १९७७ च्या मार्चमध्ये मत देऊन ते राज्य घालवले, खुद्द पंतप्रधानांना रायबरेलीत पाडले, बोनसही परत ८.३३ झाला. मताच्या कागदात बळ आहे ते हे. पण तो कागद हातात राहिला तर!

कायद्याच्या पोटातली काठी

गिरणीकामगाराला काठी पुष्कळदा कायद्याच्या कागदात गुंडाळून मिळाली आहे. १९३८ ला मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, आपले, निवडून दिलेले. त्याने औद्योगिक कलहाचे बिल आणले. तडजोडीच्या साऱ्या पायऱ्या चढल्यावाचून संप केला तर तो बेकायदा, आणि कामगाराला तुरुंग. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, असे बाबासाहेबांनी सभागृहात बजावले. ७ नोव्हेंबर १९३८ ला लाल बावट्याच्या आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या लोकांनी मिळून संप केला. त्या दिवशीही गोळी चालली. बिल काही थांबले नाही.

मग १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्याने ठरवले की कामगारांच्या वतीने बोलेल ती फक्त मान्यताप्राप्त युनियन. एकदा ते शिक्कामोर्तब झाले की कामगार कोणाच्या मागे आहेत याला किंमत नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणीकामगार उभे राहिले. साऱ्या जगाला दिसत होते कामगार कोणाचे आहेत. कायद्याला दिसले नाही. राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मान्यता, म्हणून बोलणी त्यांच्याशीच. खोत मध्ये बसला तो असा! आपण आणि मालक यांच्यामध्ये, आपण आणि सरकार यांच्यामध्ये. त्या संपात किती घरे उठली, किती चाकरमानी वळकटी बांधून परत कोकणात उतरले, ते केळशीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाड्यांना विचारा.

आणि हे जुने झाले म्हणू नका. २०२० च्या सप्टेंबरात संसदेत औद्योगिक संबंध संहिता मंजूर झाली, राज्यसभेत विरोधकांनी बहिष्कार घातलेला असताना. संपाच्या आधी १४ दिवसांची नोटीस आता साऱ्या धंद्यांना. निम्म्या कामगारांनी एका दिवशी मिळून किरकोळ रजा घेतली तरी तो संपच. सरकारची परवानगी न घेता माणसे कमी करायची मुभा पूर्वी १०० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला होती, ती ३०० पर्यंत वाढवली. आणि ही संहिता लागू झाल्याचे जाहीर कधी केले? २१ नोव्हेंबर २०२५ ला! बाकीच्यांना ती एक तारीख असेल. आपल्याला ती फ्लोरा फाउंटनची तारीख आहे.

घरचे खोत

आता म्हणाल, दिल्ली वाईट, आपले राज्य झाले की सगळे ठीक. तसे झाले का? १ मे १९६० ला राज्य आपले झाले. मंत्री मराठी, कचेरी मराठी. मग गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले? १९९१ ला नियम केला की गिरणीची जमीन मोकळी झाली की तिचे तीन वाटे : एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला त्यात बदल केला की वाटे पडतील ते फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे, बांधकाम उभे असलेल्या जमिनीचे नाहीत. गिरणी म्हणजे तर सारे बांधकामच! शहराचा आणि कामगाराचा वाटा वाळून गेला. बदल करणारी सही मराठी माणसाची होती. सर्वोच्च न्यायालयाने २००६ ला त्यावर होकार दिला. जिथे धोटा फिरत होता तिथे मॉल झाले, आणि धोटा फिरवणारा घरासाठी सोडतीच्या रांगेत उभा राहिला.

पुन्हा १६ एप्रिल २०२५ ला आपल्याच राज्याच्या सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली. कोणाला विचारले? मास्तरांना? आयांना? लोक खवळले, तेव्हा २९ जूनला हुकूम मागे घेतला. हिंदी बोलणाऱ्या भय्याशी आमचे भांडण नाही, तो आमच्याबरोबर खात्यात घाम गाळतो. भांडण आहे ते न विचारता हुकूम काढणाऱ्या खोताशी, मग तो मराठी का असेना.

हेही नीट ऐका. आमच्या हुतात्म्यांच्या यादीत झेवियर आहे, जॉन आहे, भाटिया आहे. ती काय मराठी आडनावे आहेत? आणि १९५६ च्या ऑगस्टमध्ये अहमदाबादेत गुजराती पोरांनी आपले राज्य मागितले, तर त्यांच्यावरही गोळीच चालली. गुजराती कामगार आमचा वैरी नव्हता. गोळी झाडणारे एकच होते. आमच्या केळशीत महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि याकूबबाबांचा दर्गा आहे; शिवाजीमहाराज बाबांना मान देत असे आमच्याकडे सांगतात. तेव्हा भाषेचे राज्य म्हणजे शेजाऱ्याला हाकलायचे राज्य, असे जो सांगेल तो आपला नाही. भाषेचे राज्य कशाला? कोर्टात काय चालले आहे ते आपल्या म्हातारीला कळावे, कामगार कचेरीतला कागद आपल्याला वाचता यावा, हुकूम काढणाऱ्याला आपल्या बोलीत जाब विचारता यावा, म्हणून. ज्या राज्याची भाषा कळत नाही, त्याचा हिशेब मागता येत नाही; आणि ज्याचा हिशेब मागता येत नाही, तिथे खोत आलाच.

बेळगाव, निपाणी, कारवारची आपली माणसे १ नोव्हेंबर १९५६ पासून हेच सांगत आली. त्यांनी ठराव केले, निवडणुका जिंकल्या, सत्याग्रह केले. १९८६ च्या जूनमध्ये सक्तीविरुद्ध उभे राहिले तर गोळ्या खाल्ल्या. महाराष्ट्र सरकारने २००४ ला सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तीन पिढ्यांनी मत दिले, आणि ते मोजायला कोणी तयार नाही. यालाच आम्ही साम्राज्यशाही वृत्ती म्हणतो. ती लंडनला असो, दिल्लीला असो, बंगळूरला असो की आपल्या मंत्रालयात असो.

तर मग आपण करायचे काय?

१. युनियनच्या सभेला जायचे, आणि जमाखर्च मागायचा. घरात हिशेब मागायची सवय नसेल तर सरकारकडे कुठून मागणार?

२. न विचारता काढलेला हुकूम फायद्याचा असला तरी विचारायचे, का विचारले नाही? आज फायद्याचा निघतो, उद्या तोट्याचा.

३. कोणत्याही माणसाला, कोणत्याही पक्षाला, महाराष्ट्रापेक्षा आणि घटनेपेक्षा मोठा म्हणायचे नाही.

४. दुसऱ्या युनियनच्या, दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या जातीच्या कामगाराला बिनचौकशी उचलून नेले तर आपला माणूस नेला असे समजून गेटवर उभे राहायचे. आज त्याची पाळी, उद्या आपली.

५. सीमाभागातल्या भावांसाठी प्रत्येक गिरणगावातून, प्रत्येक वाडीतून आवाज उठवायचा, पण शेजाऱ्यावर हात न उचलता.

६. मत विकायचे नाही. १९५७ ला आणि १९७७ ला खोताची खुर्ची हलवली ती त्या एका कागदाने.

बंधूंनो, भगिनींनो, चरीच्या कुळांनी सहा वर्षे शेत पडीक ठेवले, पण मान खाली घातली नाही. फ्लोरा फाउंटनवर माणसे पडली, तरी मागची रांग हटली नाही. आपण त्यांची पोरे. खोतीचा कायदा १९४९ ला मोडला. डोक्यातली खोती मोडायची आपल्याकडे राहिली आहे. ती मोडू या!

हुतात्मे अमर आहेत!

कामगार एकजुटीचा विजय असो!

बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!